कुणाची पेटी मोडायची हाय?

ता. ११ जानेवारी १९७८, बुधवार

भट्टीचा दिवस. आठवड्यातून दोनदा, बुधवारी आणि शनिवारी. मी ऑफिसात बसून होते.

पुण्याच्या पंप कंपनीचं पत्र आलं. मागच्या गाडीतला माल पुन्हा परत. बाहेरून चांगला दिसतो, मशीनवर चढवला की आतून भोकं निघतात. हे हयात असताना वर्षाकाठी असं एखादं पत्र यायचं. हे गेल्यापासून अडीच महिन्यांत हे तिसरं. शेवटची ओळ: मार्चअखेर सुधारणा न दिसल्यास ऑर्डर दुसरीकडे द्यावी लागेल. ती गेली तर आमची ओतकामाची फौंड्री बंदच. दुसरं मोठं गिऱ्हाईक नाही.

दस्तगीरमामांना विचारलं. भट्टी तेच सांभाळतात, अगदी पहिल्या दिवसापासून. म्हणाले, "हुतंय वैनी असं कवा कवा. तुमी काळजी करू नका."

बत्तीस माणसं कामावर. एकजण मोठ्याने बोलत नाही. मी अंगणातून गेले की बोलणंच थांबतं.

ता. १४, शनिवार

संक्रांत. हळदीकुंकवाची बोलावणी येणार नव्हतीच. लेकीला, नंदाला, शाळेच्या मैत्रिणीकडे पाठवलं.

कारखान्यात आनंदा मिस्त्रीने कागदात बांधलेला तिळगूळ टेबलावर ठेवला. हा साचे करणाऱ्या मोल्डरांचा मुख्य, मुरगूडचा, आवाज ढोलासारखा म्हणून ख्याती. माझ्यासमोर मात्र पुटपुटतो. मी म्हटलं, गोड बोला. "आमी गोडच बोलतोय की आता, वैनी." एवढं बोलून गेला.

तिळगूळ चांगला होता. घरी न नेता सगळा तिथेच खाल्ला.

ता. १७, मंगळवार

विलासभाऊजी आले. ह्यांचे धाकटे भाऊ, राजारामपुरीत पंख्या-दिव्यांचं दुकान आहे. त्यांचं म्हणणं, बाहेरचा जाणकार आणावा. पुण्यात एक साठे म्हणून आहेत, कारखान्यात येऊन बसतात, काय चुकतंय ते शोधतात आणि लिहून देतात. "माणसाला डॉक्टर असतो तसा कारखान्याचा."

आणि साठ्यांनीही हात टेकले तर? इथे शिरोलीतच एकजण फौंड्री चालवायला घ्यायला तयार आहे, असं भाऊजी म्हणाले. "तुमच्या जिवाला त्रास नको, वहिनी."

सगळ्यांना माझ्या जिवाची काळजी. बरं, म्हटलं. साठ्यांना बोलवा.

खरं तर मला फौंड्री द्यायची नाही. का, हे कुणी विचारलं तर सांगता येणार नाही. मी तिथे कधी जात नसे. आता रोज जाते तर वाटतं, हे इथेच कुठेतरी कामात आहेत, संध्याकाळी सुटतील.

ता. २४, मंगळवार

साठे आले. पन्नाशीचे, सडपातळ, जाड भिंगाचा चष्मा. हातात लिहायची पाटी, त्यावर कागद चिमट्याने लावलेले, गळ्यात शर्यतीत असतं तसं घड्याळ. स्टँडजवळच्या लॉजवर उतरलेत.

लोकांनी पाहून घेतलं. अर्ध्या तासात नाव ठरलं: पुण्याचं पावणं.

दुपारी आनंदाने त्यांच्यासाठी मिसळ आणवली. पहिल्या घासाला साठ्यांच्या डोळ्यांतून पाणी. "ही रोज खाता?" आनंदा म्हणाला, "ही तर बारक्या पोरांची हाय, सायब. पावण्यांसाठी सौम्य सांगिटली." माणसं हसली. हसू ऐकलं ते खूप दिवसांनी. मी आत होते म्हणून हसली असतील.

ता. २५, बुधवार

भट्टी. साठे सकाळी सातपासून एका पेटीवर बसून. प्रत्येक गोष्टीची वेळ लिहितात. वाळू मुठीत दाबून बघितली, वजन केलं, पुडीत बांधून ठेवली.

निघालेला माल एकदम स्वच्छ. एकही नग खराब नाही.

ता. २८, शनिवार

पुन्हा भट्टी, पुन्हा एकही खराब नाही. साठे बुचकळ्यात पडलेत. "बाई, तुमचा कारखाना आदर्श आहे. इतकी शांत, शिस्तीची माणसं मी फौंड्रीत पाहिली नाहीत."

मला ते चांगलं वाटायला हवं होतं.

ता. १ फेब्रुवारी, बुधवार

साठ्यांनी कच्चा अहवाल वाचून दाखवला. माणसांत दोष नाही, कामाच्या पद्धतीत दोष नाही. वाळूत ओल कमीजास्त होत असावी, तरी वाळू कालवायचं यंत्र घ्यावं. अक्षर सुंदर आहे त्यांचं.

'असावी' हा शब्द मला खटकला. पण मला काय कळतंय, म्हणून गप्प बसले.

ता. ३, शुक्रवार

आज नको ते दिसलं.

कोळशाच्या शेडमध्ये कोळसा किती उरलाय ते बघायला गेले. मागच्या भिंतीशी पोत्यांचा ढीग, त्याखाली काहीतरी टोचलं. पोतं उचललं. पंपाची खराब ओतकामं, चाळीसच्या वर. काही अर्धवट भरलेली, काहींना जाळीसारखी भोकं. साठे आल्यापासूनचीच असणार. खराब नग फोडून पुन्हा भट्टीत टाकतात, एवढं मला माहीत आहे. ही लपवली होती.

आनंदाला बोलावलं. मान खाली. मग म्हणाला, "पावणं गेलं की वितळवणार हुतो वैनी. घरात पावणं आल्यावर फाटकी वाकळ कोण वाळत घालतंय?"

"अरे, त्यांना फाटकी वाकळच बघायला बोलावलंय."

"ते खरं. पण तुमची इज्जत हाय न्हवं."

मला रागावता येईना. पाहुणा तपासायला बसला म्हणून सगळ्यांनी जीव तोडून काम केलं, आणि तरीही बिघडलं ते माझ्यासाठी झाकलं.

साठ्यांना सांगावं तर ही माणसं उघडी पडणार. न सांगावं तर अहवाल खोटा, यंत्र येणार, माल परत येतच राहणार, आणि मार्च...

ता. ४, शनिवार

सांगितलं. भट्टी विझल्यावर त्यांना शेडमध्ये नेलं आणि पोती उचलली.

साठ्यांनी एक नग उचलून उजेडात धरला. मग चष्मा काढून पुसला आणि हसायलाच लागले. "म्हणजे दहा दिवस मी पाहुणचार मोजत होतो!"

माणसांना बोल लावू नका, म्हटलं. "छे हो. चूक माझी. घड्याळ लावून बसलं की काम दिसतं, घर दिसत नाही." कच्चा अहवाल दुमडून खिशात घातला. मिसळ मात्र आजही खाल्ली. आता पाणी येत नाही डोळ्यांतून, नुसतं नाक.

ता. ६, सोमवार, सुट्टी

साठे घरी आले. एक मोठा कागद आणला होता. डावीकडे वेळा लिहिलेल्या, सकाळी सहा ते संध्याकाळी सात. उजवीकडे कोरं.

"माल बिघडायला लागला तो मालक गेल्यापासून. वाळू तीच, माणसं तीच. म्हणजे ते काहीतरी करत होते, जे आता कुणी करत नाही. ते दिवसभर काय करायचे, ते सांगा."

सहाला उठायचे. चहा उभ्याने. नंदाच्या वेणीची रिबन शोधून द्यायचे, ती रोज हरवायची. सातला स्कूटर काढायचे.

"पुढे?"

पुढचं मला माहीत नाही. बावीस वर्षं झाली लग्नाला, आणि सातपासून सातपर्यंतचा कागद कोराच राहिला. साठ्यांनी वर बघितलं नाही, नुसतं लिहिलं: दस्तगीर यांना विचारणे.

ह्यांच्याबद्दल इतकं बोलायला कुणी लावलं नव्हतं. लोक येतात ते माझ्याबद्दल बोलून जातात.

ता. ८, बुधवार

भट्टीनंतर मामांना ऑफिसात बसवलं. आधी तयारच नव्हते. "मेलेल्या माणसाचं काम कागदावर कसं येतंय, सायब?" साठे म्हणाले, येईल तेवढं येऊ दे. चहा मागवला. मग मामा दोन तास बोलले.

जसं आठवतंय तसं लिहून ठेवते.

भट्टीच्या दिवशी, पेटवायच्या आधी हे मधोमध उभे राहायचे आणि ओरडायचे, "कुणाची पेटी मोडायची हाय?" मोल्डर पेट्यांत वाळूचे साचे करतात. कुणाचा साचा कच्चा वाटला, वाळू ओली लागली, हात चुकला, ते ज्याचं त्याला आतून माहीत असतं. त्याने तिथेच सांगायचं आणि पेटी लाथेने मोडायची. त्यात वितळलेल्या लोखंडाचा रस ओतायचाच नाही. मोडणाऱ्याला शिक्षा नाही. उलट सगळ्यांत जास्त पेट्या मोडणाऱ्याला पहिला चहा, ह्यांच्या हातचा, आणि बाकीच्यांच्या शिव्या. ज्याने लपवलं आणि मागनं सापडलं, त्याची मात्र खैर नाही.

"आण्णा काय शिव्या द्यायचं, सायब! आनंदाच्या आज्यापतुर जायाचं. आनंदाबी उलटं द्यायचा. मालकाला!"

मी म्हटलं, हे? शिव्या?

मामा गोंधळले. "न्हाय... म्हंजे... तशा प्रेमाच्या."

घरी ह्यांनी नंदाला कधी 'गाढव' म्हटलेलं मला आठवत नाही. मी हसले. हसू आवरेना, मग साठेही हसले, मामा आमच्याकडे बघत राहिले. हे गेल्यापासून पहिल्यांदाच हसले मी. तोंडाला पदर लावून बाहेर गेले आणि नळावर तोंड धुतलं.

साठ्यांनी विचारलं, मग आता का नाही कुणी मोडत?

मामा: "इच्यारतंय कोण? आन् वैनींसमोर सकाळ सकाळी मोडायचं-फोडायचं कसं बोलायचं? त्यांच्यावर आधीच येवढं कोसळलंय. आमीच ठरवलं, त्यांच्या कानावर वंगाळ घालायचं न्हाय."

म्हणजे कच्च्या पेट्या तशाच ओतल्या जातात. माझ्यासाठी. आणि ओतलेलं पुण्याला जातं.

ता. १०, शुक्रवार

साठ्यांचा दुसरा अहवाल, चारच पानांचा. भट्टीआधी तपासणी करून सदोष साचे मोडावेत. त्यासाठी शिकलेला इन्स्पेक्टर नेमावा.

मामांना वाचून दाखवला. "समदं बराबर. शेवटचं चूक. इन्स्पेक्टरला कोण सांगतंय? वंगाळ मालकाला सांगायचं असतंय."

साठ्यांनी पेन काढलं आणि शेवटची ओळ खोडली. वर काही लिहिलं नाही, फक्त माझ्याकडे बघितलं.

मला ओरडता येत नाही. वर्गात कविता म्हणायला उभं केलं की आवाज जायचा माझा.

ता. ११, शनिवार

सकाळी मधोमध उभी राहिले. विचारलं, कुणाची पेटी मोडायची आहे?

आवाज पहिल्या रांगेपलीकडे गेला नसेल. आनंदा म्हणाला, "समदं झक्कास हाय वैनी. तुमी बसा आत."

आत येऊन बसले.

साठे आज रात्रीच्या गाडीने गेले. काम संपलं त्यांचं. स्टँडवर आनंदाने त्यांना डबा बांधून दिला, झणझणीत पिठलं आणि भाकरी. "आता तुमी पावणं न्हाय. म्हणून तिखाट हाय." साठे मला म्हणाले, "वहिनी, मी वाट सांगू शकतो. चालायला मी कामाचा नाही." पहिल्यांदाच वहिनी म्हणाले.

ता. १५, बुधवार

पुन्हा उभी राहिले, पुन्हा विचारलं. "झक्कास हाय वैनी." मी आत गेले नाही.

काय बोलायचं ते ठरवून आले नव्हते. मी म्हणाले: "त्या दिवशी दवाखान्याच्या दारात तुम्ही सगळे उभे होता. मी रिक्षातून उतरले. तुम्ही म्हणालात, बरं हाय आण्णांना, चहा घेतला आत्ता. मी जिने सावकाश चढले. वाटेत फळवाल्याकडे थांबून मोसंबी घेतली होती, ती हातात होती. हे जाऊन तास झाला होता. तुम्हाला माहीत होतं."

पुढे म्हटलं:

"तुमचा हेतू मला कळतो. मी त्याबद्दल कधी काही म्हटलं नाही, पुढेही म्हणणार नाही. पण आता मला बरं आहे असं सांगू नका."

एवढं सलग मी कधी बोलले नव्हते. मामा भट्टीकडे तोंड करून उभे राहिले.

मग मागून थाप ऐकू आली. आनंदाने स्वतःची पेटी मोडली होती. दुसरी मोडली. "माझ्या तीन हायती वैनी. वाळू वली लागलीया. काल घाई केली मी." मग पलीकडून कुणीतरी, "माझी बी येक." एकूण चौदा.

पहिला चहा आनंदाला दिला.

ता. १८, शनिवार

सोळा मोडल्या. पाठीमागून कुणीतरी आनंदाला काहीतरी बोललं, आनंदाने काहीतरी उत्तर दिलं, एकदम सगळे गप्प आणि माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, चालू द्या. मला शब्द कळला नाही. मामांना विचारलं, सांगेनात.

ता. २३, गुरुवार

पुण्याला पाठवलेल्या नव्या मालाबद्दल पत्र. भोकं कमी झाली आहेत, अजून पूर्ण समाधान नाही. कंपनीचे इन्स्पेक्टर बुधवारी, एक तारखेला येऊन भट्टी प्रत्यक्ष बघतील आणि ऑर्डरीचं तिथेच ठरवतील.

सगळ्यांना वाचून दाखवलं. लपवलं नाही. आनंदा म्हणाला, "येऊ दे की. ह्या पावण्याला फाटकी वाकळबी दाखवू."

साठ्यांना कार्ड टाकलं.

ता. २६, रविवार

काल भट्टी नीट गेली, पण विझल्यावर आतलं मातीचं अस्तर बरंच निखळलं. मामांनी आज नवं लिंपलं. दर वेळी थोडं लिंपतातच, या वेळी जास्त.

नंदाने विचारलं, बाबा कारखान्यात कसे होते? सांगितलं, मला माहीत झालंय तेवढं. शिव्यांचंही. तिला फार आवडलं. "मग घरी का नाही द्यायचे?" म्हणून विचारत बसली.

ता. २८, मंगळवार

दुपारी तीनला मामा ऑफिसच्या दारात आले, आत न येताच बोलले. "वैनी, उद्या भट्टी लावायची न्हाय. अस्तर वाळलं न्हाय. बोट लावलं तर वलं लागतंय. लावली तर निम्मं पडंल आन् रस थंड हुईल. माल तर बिघडंलच, कुणाच्या अंगावर उडालं तर?"

उद्या इन्स्पेक्टर आहेत, म्हटलं.

"ते मला बी म्हायीत हाय. म्हणूनच सांगायला आलोय."

मागून आनंदा धावत आला आणि दारातच भांडण सुरू. "रातभर आत शेगडी ठेवू, वाळंल की! म्हाताऱ्याला भ्या वाटतंय. उद्या भट्टी बंद दिसली तर ऑर्डर गेली म्हणून समजा, बत्तीस घरं बसतील!" मामा म्हणाले, "वरनं वाळंल, आतनं न्हाय. तू मातीला हात लावलाईस कवा?" आनंदा म्हणाला, "आन् तू पेटीला?" असं बराच वेळ. मी मध्ये काहीतरी म्हणायला गेले तर आनंदा माझ्यावरच ओरडला, "तुमी थांबा वो वैनी, तुमास्नी काय कळतंय ह्यातलं!"

मग त्याने जीभ चावली. मी म्हटलं, खरंच कळत नाही, म्हणूनच ऐकतेय, दोघंही बोला.

साठ्यांना ट्रंककॉल लावला. पावणेदोन तासांनी लागला. सगळं सांगितलं. "सल्ला मागताय की परवानगी?" सल्ला. "मग भट्टीच्या बाबतीत दस्तगीरांचं ऐका. आणि ऑर्डर जाऊ शकते, हेही धरून चाला. मी खोटं सांगणार नाही." लाइन खरखरत होती, शेवटचं तब्येतीबद्दल काहीतरी बोलले, ते कळलं नाही.

भाऊजी आले. कधी नव्हे ते चिडले. "उद्या पाहुणा घरी आणि तुम्ही चूल बंद ठेवणार? दादा असता तर लावली असती."

लावली असती का? तेव्हापासून हाच विचार. मामांना विचारलं. मामा म्हणाले, "आण्णांनी काय केलं असतं, खरंच सांगता येत न्हाय, वैनी. कवा लावायचं, कवा न्हाय. मी काय केलं असतं, ते सांगिटलंय."

अंधार व्हायच्या आधी स्वतः भट्टीत वाकून हात घातला. मामांनी कंदील धरला. वरून कोरडं. नखाने खरवडलं तर नखात चिखल आला.

भट्टी लावायची नाही, असं सांगून टाकलं. आनंदा पाय आपटत गेला. थोड्या वेळाने परत आला आणि विचारलं, "मग पावण्याला दावायचं काय?" पेट्या दाखवू, म्हटलं. मोडायच्या आणि ठेवायच्या, दोन्ही. "आन् भट्टी का बंद म्हणून इच्यारलं तर?"

भाऊजींनी निरोप पाठवलाय, ते उद्या येणार नाहीत.

इन्स्पेक्टर सकाळी साडेदहाच्या गाडीने येतात. स्टँडवर मीच जाणार आहे. काय बोलायचं ते अजून ठरवलेलं नाही, पण अस्तर ओलं आहे हे लपवायचं नाही. मामा म्हणतात मी बरोबर येतो, आनंदा म्हणतो म्हातारा कशाला, मी येतो. दोघांनाही नको म्हटलं.